बाजारतळ कोणाचा? : मुक्त आज्ञावलीविषयक विचारलेखनाची एक चिकित्सा

संगणकाची आज्ञावली हा मराठीच्या अध्यापकाने समीक्षेचा विषय करावा काय, अशी शंका प्रारंभीच उपस्थित होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मराठी विभागात संगणकाचा प्रवेश टंकलेखन-यंत्राचा वारसदार म्हणून झाला आणि आजही त्याचे स्थान बहुतांशी तेच आहे. परंतु आज्ञावली ही मुळात लिहिलेली असते. तिला लेखक असतो, वाचक असतो, तिच्या प्रती निघतात, प्रतींत पाठभेद होतात आणि तिच्यावर हक्क कोणाचा यावरून वादही होतात. गेल्या चार दशकांत या वादातून एक स्वतंत्र विचारलेखन निर्माण झाले आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचा १९८५ सालचा ‘ग्नू जाहीरनामा’ आणि एरिक रेमंड यांचा १९९७ साली जर्मनीतील एका परिषदेत प्रथम वाचला गेलेला ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध या त्यातील दोन प्रमुख संहिता होत. प्रस्तुत लेखात त्यांची चिकित्सा अभिप्रेत आहे. ती करताना एक प्रश्न सतत समोर ठेवला आहे. आज्ञावली मुक्त आहे एवढ्याने ती गरजवंताला सापडते काय, आणि त्याने तीत केलेली सुधारणा पुढच्या माणसापर्यंत पोहोचते काय? परवान्याविषयी या लेखकांनी व त्यांच्या अनुयायांनी पुष्कळ लिहिले. आज्ञावली जिथे शोधायची आणि जिथे वाटायची त्या जागेविषयी मात्र त्यांनी फार थोडे लिहिले, असे माझे मत आहे.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने या चळवळीला जेवढा त्रास दिला तेवढा बहुधा कोणत्याही विरोधकाने दिला नसेल. आपल्याला किंमत अभिप्रेत नसून स्वातंत्र्य अभिप्रेत आहे, हे स्टॉलमन यांना आयुष्यभर सांगत राहावे लागले. मराठीत ही अडचण मुळातच नाही. ‘मोफत’ हा शब्द आपण एका दिशेने घेतला, ‘मुक्त’ दुसऱ्या दिशेने, आणि दोहोंची सरमिसळ सहसा होत नाही. मुक्त विद्यापीठात शुल्क भरावे लागते याचे नवल कोणालाच वाटत नाही. असे असूनही महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात आपण ‘फ्री सॉफ्टवेअर’ हाच शब्द वापरतो आणि त्यात तीस दिवसांची चाचणी-प्रत, जाहिराती दाखवणारी फुकट आज्ञावली, कुलूप तोडलेली चोरटी प्रत आणि खरोखरची मुक्त आज्ञावली असे सगळे एकाच पिशवीत भरतो. भाषेने हाती दिलेला फरक आपण वापरलाच नाही.

स्टॉलमन यांच्या मते आज्ञावली मुक्त ठरण्यासाठी वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये हवीत: कोणत्याही हेतूने ती चालवण्याचे, तिचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती वाटण्याचे. यांची गणना शून्यापासून केली जाते, हा संगणकशास्त्रज्ञांचा स्वभावविशेष म्हणावा. यात किमतीचा उल्लेख नाही. खुद्द स्टॉलमन यांनी ‘ईमॅक्स’ ही आपली आज्ञावली १९८५ मध्ये चुंबकीय फितीवर १५० डॉलरना विकली. ज्याला जाळ्यावरून उतरवून घेता येत होती त्याला मात्र ती विनामूल्य मिळत असे.

जाहीरनाम्यामागची कथा प्रसिद्ध आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक मुद्रणयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. जुन्या यंत्राची आज्ञावली स्टॉलमन यांनी अशी सुधारली होती की कागद अडकताच वाट पाहत असलेल्यांना निरोप जाई. नव्या यंत्राच्या बाबतीत मूळ संहिताच मिळेना आणि ज्याच्याकडे ती होती त्याने वचनबद्धतेमुळे देण्यास नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा झाली, तिच्यामागे हा अनुभवही होता.

वाङ्मयीन दृष्टीने पाहता जाहीरनाम्याची रचना आपल्याला ओळखीची वाटते. त्याचा मोठा भाग पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशा शास्त्रग्रंथांच्या पद्धतीने चालतो. लेखक एकेक आक्षेप मांडतो आणि त्याचे खंडन करतो. खंडन बहुतेक ठिकाणी कणखर आहे. उपजीविकेच्या प्रश्नावर मात्र ते लटके पडते. आज्ञावली लिहिणाऱ्याने पोट कसे भरावे, या प्रश्नावर प्रशिक्षण, साहाय्यसेवा आणि प्रसंगी आज्ञावलीवरील कर असे मार्ग सुचवले आहेत, परंतु त्यामागे प्रयोगशाळेत सुरक्षित वेतनावर काम केलेल्या माणसाचा आशावाद दिसतो. दुसरे असे की जाहीरनाम्यातील ‘शेजारी’ हा स्वतःही संहिता वाचू शकणारा शेजारी आहे. ज्याला ती वाचता येत नाही त्याचे अभ्यासाचे स्वातंत्र्य कागदावरच राहते, ही उणीव मला स्वानुभवाने जाणवली.

माझी एम.फिल.ची प्रबंधिका दहा-बारा वर्षांपूर्वी विद्यापीठाजवळच्या एका टंकलेखनाच्या दुकानात तयार झाली. फाँट जुन्या पद्धतीचा होता. अशा फाँटमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असतात. म्हणजे पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. फाँट असेपर्यंत सारे ठीक असते. पुढे दुकान बंद झाले, माझा संगणक बदलला, आणि प्रबंधिका उघडली तर दोनशे पाने अर्थहीन चिन्हांची! छापील प्रत ग्रंथालयात आहे, पण तिच्यातून एक परिच्छेदही शोधता येत नाही की उचलता येत नाही.

युनिकोडात रूपांतर करणारी एक लहानशी आज्ञावली आंतरजालावर सापडली. ती कोणा अनोळखी व्यक्तीने मुक्त परवान्याखाली ठेवली होती. तिने नव्वद टक्के मजकूर सावरला. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनी मात्र घोटाळा केला. कारण उघड आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात, म्हणजे वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडात उच्चाराचा क्रम पाळावा लागतो, त्यामुळे चिन्हे नुसती बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात. ‘कऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा र तर त्या आज्ञावलीच्या तक्त्यातच नव्हता. ती बहुधा हिंदी मजकुरासाठी लिहिलेली असावी. संगणकशास्त्र विभागातील माझ्या एका सहकाऱ्याने दोन दुपारी बसून तक्ता दुरुस्त केला. संहिता बंद असती तर हे शक्यच नव्हते. येथवर स्टॉलमन यांचा विजय मान्य करायला हवा. पण दुरुस्त प्रत मूळ लेखकाला परत द्यावी म्हणून गेलो, तर ज्या संकेतस्थळावर ती ठेवलेली होती ते बंद पडले होते. दुरुस्ती आमच्या विभागातील एका पेनड्राइव्हवर राहिली. आमच्यासारखेच दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात कोणी ती वेलांटी पुन्हा सोडवत बसले असेल. परवाना शाबूत होता, तरी वाटण्याची वाट बुजली होती.

संहिता, पाठभेद आणि नाव

मुक्त प्रत आणि तीत होणारे बदल हा प्रश्न मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीन शतके हातोहात होत राहिल्या. त्यांत अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला. त्यांनी अखेरीस जोडलेल्या ओव्यांत एक निर्बंधही घातला. या पाठात जो कोणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा त्याचा आशय आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर हा एक परवाना आहे. प्रती कितीही काढा, वाचा, वाटा, पण बदल नको. स्टॉलमन यांच्या कसोटीला तो उतरणार नाही.

परंतु एकनाथांची चिंता नीट पाहिली तर ती बदलाविषयी असण्यापेक्षा एकाच नावाखाली दोन वेगळ्या संहिता फिरण्याविषयी अधिक आहे. स्वतंत्र ओवी रचण्यास त्यांनी कुठे मनाई केली? त्यांनी स्वतःच विपुल रचना केली आहे. मुक्त फाँटसाठी २००५ मध्ये तयार झालेल्या एसआयएल ओपन फाँट परवान्यात नेमकी हीच अडचण एका साध्या अटीने सोडवली आहे. फाँट वापरा, वाटा, त्यातील अक्षरे बदला. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव लावता येणार नाही, एवढेच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फाँट याच परवान्याखाली उपलब्ध आहेत. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’ फाँटही नंतर याच परवान्याखाली आले. एखाद्या मुक्त फाँटमधील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे वाटत असतील तर ते मराठी वळणाचे करून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो किती मराठी विभागांनी वापरला, हा प्रश्न येथे विचारून ठेवतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी आणखी एक गोष्ट या जगात आहे. लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या ‘गिट’ या आज्ञावलीत प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि का केला याची नोंद संहितेसोबतच राहते आणि प्रत्येक पूर्ण प्रतीत तो सगळा इतिहास असतो. एकनाथांनी नेमके कोणते पाठ बदलले, याविषयी अभ्यासक आजही वाद घालतात. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून जी प्रत प्रसिद्ध केली तिच्यावरूनही वाद झाला. सोळाव्या शतकात गिट असते तर आपल्यापैकी काहींच्या संशोधनाचे विषय हातचे गेले असते, हे खरे!

बाजार

रेमंड यांच्या निबंधाचे रूपक दुहेरी आहे. एका बाजूस मोजक्या कारागिरांनी शांतपणे उभारलेले कॅथीड्रल, दुसऱ्या बाजूस गजबजलेला बाजार. कॅथीड्रल म्हणजे मायक्रोसॉफ्ट असा समज आपल्याकडे आढळतो, तो चुकीचा आहे. रेमंड यांचे लक्ष्य प्रामुख्याने स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातील कार्यपद्धती हे होते. म्हणजे हा मुक्त आज्ञावलीच्या घरातलाच वाद आहे. बाजाराचा नमुना म्हणजे लिनक्स. लवकर आणि वारंवार प्रत प्रसिद्ध करावी, वापरणाऱ्यांना सहविकासक मानावे, पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष लपून राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. ‘फेचमेल’ या आपल्या आज्ञावलीवर त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. निबंधाचा प्रभाव मोठा होता. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या न्याहाळकाची संहिता खुली करण्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा रूढ करण्यात आली. तिच्यात ‘फ्री’चा घोळ नाही. तिच्यात स्टॉलमन यांची नैतिक तळमळही नाही, आणि व्यापारी जगाला ती रुचली याचे ते एक कारण आहे.

अनेक डोळ्यांच्या सिद्धांताला कालांतराने तडे गेले. ‘ओपन-एसएसएल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष सुमारे दोन वर्षे प्रसिद्ध प्रतींत उघड्यावर पडून होता. तो एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. संहिता सर्वांना वाचता येणे आणि ती कोणीतरी प्रत्यक्ष वाचणे यांत अंतर आहे, हे ग्रंथालयात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनात हेतुतः बसवलेले चोरदार उघडकीस आले. ते बसवणाऱ्याने वर्ष-दोन वर्षे प्रामाणिक साहाय्यकर्त्याचे सोंग घेऊन थकलेल्या, एकट्या पडलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. ते सापडले तेही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला म्हणून. बाजारात गर्दी होती, पण या गाळ्यावर एकच माणूस बसलेला होता.

मात्र रेमंड यांच्या रूपकाविषयी माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ज्याने आठवडे बाजार जवळून पाहिला आहे त्याला तो निव्वळ उत्स्फूर्त गजबजाट वाटणार नाही. बाजाराला तळ असतो. तो तळ कोणाच्या तरी ताब्यात असतो. करवसुलीचा लिलाव होतो, ठेकेदार पावती फाडत फिरतो. रस्त्यालगतच्या मोक्याच्या जागा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठरलेल्या असतात, आणि वाडीवरून मेथीच्या चार जुड्या घेऊन आलेली बाई कडेला, चिखलात बसते. तिची भाजी ताजी असते. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोहोचत नाही. रेमंड यांच्या निबंधात विक्रेते आहेत, गिऱ्हाईक आहेत, गलका आहे. तळ मात्र नाही.

हा तळ प्रारंभापासून होता. १९९१ मध्ये तोरवाल्ड्स यांनी आपल्या गाभ्याला ‘फ्रीक्स’ असे काहीसे विचित्र नाव योजले होते. फिनलंडमधील ज्या सर्व्हरवर तो ठेवायचा त्याची व्यवस्था पाहणाऱ्या आरी लेम्के यांना ते पसंत पडले नाही. त्यांनी संचिकेला ‘लिनक्स’ असे नाव दिले आणि तेच जगभर झाले. प्रसंग निरुपद्रवी आहे, पण जागा देणाऱ्याच्या हाती काय असते हे त्यातून कळते.

१९९७ मध्ये ‘फ्रेशमीट’ ही सूची सुरू झाली. आज्ञावलीची नवी प्रत निघाली की तिची खबर तिथे लागत असे. तिचे पुढे ‘फ्रीकोड’ झाले आणि जून २०१४ पासून तीत नवी भर पडणे थांबले. १९९९ मध्ये आलेल्या ‘सोर्सफोर्ज’ने प्रकल्पांना विनामूल्य जागा दिली. मात्र काही वर्षांतच त्या स्थळामागची आज्ञावली बंदिस्त झाली. मुक्त आज्ञावलींचे हे सर्वांत मोठे कोठार बंदिस्त आज्ञावलीवर चालावे, यातील विसंगती तेव्हाही अनेकांना खुपली. पुढे वेगळेच घडले. फसव्या जाहिराती आणि सोबत इतर आज्ञावली चिकटवणारी स्थापना-साधने यांना कंटाळून ‘गिम्प’ या चित्रसंपादकाच्या चमूने २०१३ मध्ये ती जागा सोडली. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने विंडोजसाठीच्या गिम्पचे ते सोडलेले पान आपल्या ताब्यात घेतले आणि तिथल्या प्रतीला जाहिरातबाज पुरवण्या जोडल्याचे उघड झाले. नव्या मालकांनी २०१६ मध्ये हा प्रकार बंद केला, हेही नोंदवले पाहिजे. परवान्याच्या दृष्टीने त्या प्रकारात किती गैर होते यावर वाद होऊ शकेल. संहिता वाटण्याचा अधिकार सर्वांनाच आहे, त्याअर्थी सोर्सफोर्जलाही होता! जुन्या, ओळखीच्या पत्त्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र कोणत्याच परवान्याने राखला नाही. एकनाथांची नरोटी ती हीच.

‘गूगल कोड’ २००६ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये बंद झाले. २००८ मध्ये आलेल्या ‘गिटहब’ने पुढे सर्वांना मागे टाकले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलर किमतीला घेण्याचे जाहीर केले. त्याच कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. ठेका कोणाकडे जाईल हे बाजारकऱ्यांना आधी कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील विकासकांची गिटहबवरील खाती मर्यादित करण्यात आली. इराणपुरती ती अडचण २०२१ मध्ये परवानगी मिळाल्याने दूर झाली. जगात कोणालाही वापरता येईल असे परवान्यात लिहिलेली संहिता, आणि ती ठेवण्याची जागा मात्र एका देशाच्या कायद्याच्या कक्षेत.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते अगदीच पोकळ नाही. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असल्याने बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाता येते. संहिता नेता येते, हे खरे. पण दोष नोंदवणाऱ्यांच्या चर्चा, अन्य प्रकल्पांतून आलेल्या वाटा, शोधयंत्रांनी लक्षात ठेवलेला पत्ता हे सगळे मागे राहते. फ्रान्समधील इन्रिया संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे अभिलेखागार निरनिराळ्या स्थळांवरील खुल्या संहिता इतिहासासह जतन करते. माझ्या मते रेमंड यांच्या निबंधाची खरी पुरवणी या कामात आहे.

इर्जिक

पुढच्या एका निबंधात रेमंड यांनी या जगाला दानसंस्कृती म्हटले आणि प्रकल्पावरील हक्काचे स्पष्टीकरण जॉन लॉकच्या भूमिविषयक सिद्धांतावरून दिले. पडीक, बेवारस जमीन जो कसतो त्याची ती. वसाहती झालेल्या देशातील वाचकाने हे उदाहरण सावधपणे घ्यावे. बेवारस म्हटलेली जमीन बहुधा कोणाची तरी असतेच.

दानापेक्षा मला आपल्याकडील इर्जिकीची रीत अधिक समर्पक वाटते. एकाच्या शेतावर इतरांनी आपापली औते घेऊन यायचे, दिवसभरात नांगरट उरकायची, शेतमालकाने जेवण द्यायचे, आणि दुसऱ्याची पाळी आली की आपले औत घेऊन निघायचे. यात औदार्य आहे तशी आठवणही आहे. कोण आला आणि कोण आला नाही हे गाव विसरत नाही. अर्थात इर्जिकीला जायचे तर औत लागते. ज्याच्याकडे बैल नाहीत तो केवळ जेवणाच्या वेळी दिसतो. तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या अध्यापकाला फावल्या वेळात आज्ञावलीचे मराठीकरण करण्यास सांगणे म्हणजे बैल नसलेल्याला औत आणण्यास सांगण्यासारखे आहे. याचा विचार स्टॉलमन वा रेमंड यांच्यापैकी कोणाच्याही लेखनात पुरेसा दिसत नाही.

तरीही ज्यांच्याकडे औत आहे त्यांनी ते बाहेर काढले आहे काय? राज्यातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये आज ‘कोहा’ या आज्ञावलीवर चालतात. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी ती १९९९ मध्ये लिहिली गेली. ‘कोहा’ हा माओरी भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची अपेक्षा गृहीत धरणारी भेट. ‘शोधगंगा’ ज्या ‘डीस्पेस’वर उभी आहे तीही मुक्त आहे. मूल्यांकन समितीपुढे ‘ग्रंथालयाचे संगणकीकरण पूर्ण’ असे आपण लिहितो. त्या संगणकीकरणात आपण कोणती चूक कळवली, कोणता मराठी शब्द सुचवला, देवनागरी अकारविल्हे लावताना येणाऱ्या अडचणींविषयी कोणाला चार ओळी पाठवल्या, असा रकाना त्या अहवालात नसतो.

एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी बंद झाली. त्यामुळे आमच्या विभागातील प्रबंधिकांची संख्या आता वाढणार नाही. कपाटात त्या अठ्ठावीस आहेत आणि त्यांतील सतरांच्या फाईली जुन्या फाँटमधल्या आहेत. पेनड्राइव्हवरची दुरुस्त आज्ञावली यंदा जूनमध्ये सहकाऱ्याने मूळ लेखकाच्या नावासह आणि मूळ परवान्यासह दोन वेगळ्या स्थळांवर ठेवली. सोबतच्या टिपणात कोणत्या फाँटसाठी ती तपासली आहे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ कुठे अजून चुकतात, हे आम्ही मराठीतच लिहिले आहे, म्हणजे मराठी शब्द टाकून शोधणाऱ्याला ती सापडावी. पहिल्या नऊ प्रबंधिकांचे रूपांतर झाले आहे. दहावीत ग्रामीण बोलीतील संवाद आहेत आणि तिच्यातील अनुस्वार अजून जागेवर बसलेले नाहीत.